चार पितळी बिल्ले

दुसऱ्या महायुद्धाच्या इतिहासात कुठेही नोंद नसलेली एक अत्यंत गंभीर घटना मी आज जाहीर करतो आहे. दोस्त राष्ट्रांची घोडदौड नगरमध्ये एका कडुलिंबाखाली दहा-बारा दिवस अडकून पडली होती. मी साक्षीदार आहे. किंबहुना त्या अडकण्याचं रजिस्टर माझ्याच टेबलावर होतं.

आमच्या कारखान्याला लष्कराची ऑर्डर होती, बादल्यांची. बादल्यांनी युद्ध जिंकता येतं की नाही, मला ठाऊक नाही. पण पलटणीतली खेचरं पाणी पितात आणि आग बंदुकीने विझत नाही, एवढं मला कळत होतं. दसऱ्याच्या आत सगळा माल वॅगनमध्ये चढायचा होता. मी टाइमकीपर, म्हणजे साठ माणसांची हजेरी घेणारा. फोरमन उस्मानभाई. याच कारखान्यात हातोडा मारता मारता वीस वर्षांत ते फोरमन झाले होते. काम बेताच्या गतीने चाललं होतं आणि वेळेत पुरं होणार होतं.

अशा सुखाच्या दिवसांत पुण्याच्या शेठजींनी मुंबईहून नवे मॅनेजर धाडले. कर्णिकसाहेब. त्यांच्याकडे एक इंग्रजी पुस्तक होतं आणि कामगारांना कसं वागवावं हे त्यात लिहिलेलं होतं. आमच्या कामगारांनी ते वाचलेलं नव्हतं, एवढीच अडचण.

तिसऱ्या दिवशी साहेब खिडकीत उभे राहिले.

"उस्मानभाई, ही माणसं त्या झाडाखाली काय करतात?"

"बिडी ओढतात, साहेब."

"किती?"

"बिड्या?"

"माणसं."

"ज्याला तल्लफ येईल तो जातो. असतील सात-आठ. पुढच्याचं काम अडणार नाही असं बघून जातात."

हे पुढच्याचं काम म्हणजे काय, ते सांगतो. बादली एक माणूस करत नाही. एक जण पत्रा कापतो, दुसरा वळवतो, तिसरा रिवेट मारतो, म्हणजे खिळा ठोकून जोड पक्का करतो. पुढे कान, कडी, बूड आणि शेवटी वितळलेल्या जस्तात बुडवणं. मधला एक जण उठला की पुढचे हात बांधून बसतात. म्हणून आमची माणसं उठण्याआधी दोन-चार नग जास्तीचे करून ठेवत आणि मग जात. हा नियम कुणी लिहिलेला नव्हता. त्यामुळे तो पाळला जात होता.

साहेबांनी लिहिलेला नियम केला. भिंतीवर नोटीस लागली: "पाणी, बिडी, परसाकडे अथवा अन्य कोणत्याही नैसर्गिक वा अनैसर्गिक कारणास्तव जागा सोडणाऱ्याने टाइमकीपरकडून पितळी बिल्ला घ्यावा. बिल्ले चार. मुदत दहा मिनिटे." 'अनैसर्गिक' हा शब्द माझा. नोटीस मीच लिहिली होती आणि मला तेव्हा लिहिण्याची हौस होती.

पहिला दिवस शांत गेला. साहेब खूश. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलापुढे रांग, आणि रांगेत महादूमामा. हा माणूस रिवेटच्या पेटीवर आठला बसला की बारापर्यंत हलत नसे. बिडीला त्याने जन्मात हात लावला नव्हता.

"मामा, तुम्ही कसे?"

"बिल्ला द्या."

"कुठं जायचंय?"

"कुटं न्हाई. झाडाखाली बसतो दहा मिन्टं."

"कशाला?"

"माजी पाळी हाय, भाऊसाहेब. चार बिल्लं, साठ मानसं. काल राती आमी समद्यांनी पाळ्या लावून घेतल्या. आज सोडली तर उंद्या चिंधू म्हनंल, तुला कुटं गरज हुती?"

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमची निम्मीअधिक माणसं आसपासच्या कोरडवाहू खेड्यांतली. तिकडे एका विहिरीत चार भावांचे हिस्से असतात आणि मोट चालवायचे दिवस वाटलेले असतात. आपल्या दिवशी रानाला पाणी नको असलं तरी बैल जुंपायचे. पाळी एकदा सोडली की हक्क गेला. साहेबांनी चार बिल्ले आणले, आणि या मंडळींना त्यात विहीर दिसली.

आठवड्याभरात तो कारभार इतका वाढला की मला दुसरं रजिस्टर घालावं लागलं. पाळ्या उसन्या दिल्या जाऊ लागल्या. रजेवर जाणारा आपली पाळी मेव्हण्याच्या नावावर करून जाई. चिंधूने आपली एक भाकरी देऊन दोन पाळ्या मिळवल्या आणि अर्ध्या पोटी वीस मिनिटं झाडाखाली घोरला. पाळी चुकू नये म्हणून हातातलं काम टाकून माणूस उठे आणि त्याच्यापुढची सगळी रांग हात बांधून बसे. दिवसाला तीनशे निघणाऱ्या बादल्या सव्वादोनशेवर आल्या.

साहेबांनी पुस्तक उघडलं आणि आणखी दोन बिल्ले आणले. बादल्या दोनशेवर आल्या.

मग साहेबांनी उस्मानभाईंना बोलावलं. मी रजिस्टर घेऊन शेजारी उभा.

"माणसं तुमच्या ताब्यात नाहीत. मी शेठजींना लिहितोय, मुंबईहून नवा फोरमन पाहा म्हणून."

उस्मानभाई म्हणाले, "साहेब, सहाचे साठ बिल्ले करू द्या. टाकाऊ पत्र्याचे करतो, पितळ नको. दाराशी प्रत्येकाच्या नावाचा खिळा. ज्याला जायचं त्याने आपला काढावा. भाऊसाहेबांनी लिहायचं नाही."

"उद्या साठच्या साठ झाडाखाली दिसतील."

"दिसतील. एक दिवस."

"आणि दुसऱ्या दिवशीही दिसले तर?"

"तर मी घरी बसतो."

"लेखी द्या."

उस्मानभाईंनी लिहून दिलं. खाली मोडीत सही केली. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "हे काय करून बसलात?"

"भाऊसाहेब, कर्जतकडे आमचीपण विहीर आहे. पाच चुलत्यांची. त्या पाळीवरून आमच्यात डोकी फुटलीत. पण गावाखालून नदी वाहते, तिथं कधी कोण भांडलं नाही. भरल्या नदीला कोण पाळी लावतो?"

दुसऱ्या दिवशी साठ जण झाडाखाली. कडुलिंबाची सावली वीस जणांची. बाकीचे उन्हात एकमेकांची तोंडं बघत उभे. साहेब खिडकीत घड्याळ घेऊन. उस्मानभाई भट्टीपाशी एकटेच, माझ्याकडे न बघता जस्त ढवळत होते. पाचव्या मिनिटाला महादूमामा आत आले. "लई कट्टाळा येतो बाबा तितं," एवढं म्हणून पेटीवर बसले. त्यांच्या मागून एकेक जण आला.

त्याच्या दुसऱ्या दिवशी बारा जण गेले. तिसऱ्या दिवशी सात, तेच पूर्वीचे बिडीवाले. जाण्याआधी दोन-चार नग जास्तीचे करून. महादूमामांच्या बिल्ल्यावर कोळ्याने जाळं विणलं. बुडालेले दिवस भरून काढायला उस्मानभाईंनी दोन रविवार मागितले, माणसांनी ते कुरकुरत दिले, आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी शेवटची वॅगन भरली. तो सहीचा कागद साहेबांनी मला फाइलला लावायला सांगितला होता. माझ्याकडून तो कुठेतरी गहाळ झाला. असं होतं कधीकधी.

पुढे वीस वर्षं मी वेगवेगळ्या कारखान्यांत माणसांची हजेरी घेतली. नवा साहेब नवा नियम घेऊन आला की मी आधी विचारत असे, "साहेब, हे मोजायलाच हवं का?" बहुतेकांना तो उद्धटपणा वाटे.

वॅगन भरली त्या दिवशी शेठजी स्वतः आले. कर्णिकसाहेबांनी त्यांना दाराशी नेऊन साठ खिळे दाखवले, आणि बिल्ला पद्धतीने कारखान्यात कशी शिस्त आली ते पंधरा मिनिटं समजावलं. उस्मानभाई मागे हात बांधून जमिनीकडे बघत उभे. शेठजी प्रसन्न झाले आणि जवळ बसलेल्या महादूमामांना म्हणाले, "काय मामा, या बिल्ल्यांमुळे बाहेर जाणं अगदी कमी झालं म्हणे?"

महादूमामांनी हातातला रिवेट पुरा ठोकला आणि मान वर न करता म्हणाले,

"कमी न्हाई, शेटजी. आमी आदीबी इतकंच जात हुतो. मदी सायबांनी पाळी लावली म्हून जास्त जावं लागलं."