व्यंकटेशची कालवं

ही गोष्ट सांगायची मी इतकी वर्षं टाळली. गेल्या महिन्यात व्यंकटेश गेला. शोकसभेत कुणीतरी आदरानंच म्हणालं, "सरांचा तो प्रयोग जरा निष्काळजीपणानं फसला, नाहीतर..." मी पुढच्याच रांगेत होतो.

सत्तरच्या दशकात आम्ही दोघं सोलापूरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होतो. व्यंकटेश विणकरांच्या घरातला, घरी तेलुगू बोलणारा, आणि वेड मात्र समुद्राचं. रत्नागिरीहून एसटीनं, ओल्या पोत्यात गुंडाळून तो कालवं आणायचा आणि त्यांच्या हृदयाच्या पेशी सुट्या करून बाटल्यांत, खारट पोषक द्रवात जगवू बघायचा. आमचा शिपाई मारुती वैरागचा. तो म्हणायचा, "सर, हितं मानसाला प्यायला पानी न्हाय, आन् तुमी शिंपल्यास्नी पाजताय व्हय!" सगळ्यात मोठ्यानं व्यंकटेशच हसायचा. पेशी दर वेळी मरायच्या... आणि एका एप्रिलात जगल्या. "ये, बघ की!" म्हणत त्यानं मला ओढतच मायक्रोस्कोपशी नेलं. कालव केव्हाच संपलं होतं आणि त्याच्या हृदयाचा एक ठिपका काचेला चिकटून आपला आपण धडधडत होता. "लई हळू, पण चाललंय," तो कुजबुजला, मोठ्यानं बोललं तर थांबेल असं वाटून. त्या कुजबुजीसाठी आज जीव तुटतो.

विभागात फ्रिज एकच. बाटल्या त्यातच, बेताच्या गारव्यात असत. तपासणी समिती आली त्या दिवशी व्यंकटेश रजेवर होता. पाहुण्यांच्या श्रीखंडाला जागा हवी म्हणून मी बाटल्या काढून खिडकीत ठेवल्या आणि विसरलो. संध्याकाळी आठवलं तेव्हा काच हाताला कोमट लागली. गुपचूप परत ठेवल्या. दुसऱ्या दिवशी सगळं थांबलेलं होतं. विभागप्रमुख त्याला सगळ्यांदेखत म्हणाले, "काळजी घेता येत नसेल तर बेडूक कापा!" फ्रिज त्याला बंद झाला. मी शेजारीच उभा होतो. त्यानं पुन्हा कधी कालवं आणली नाहीत.

अखेरच्या दुखण्यात सात रस्ता चौकाजवळच्या त्याच्या घरी गेलो, ते हेच सांगायला. शब्दसुद्धा ठरवले होते. पण मी तोंड उघडण्याआधी तोच म्हणाला, "त्या पेशी माझ्याच हलगर्जीपणानं गेल्या रे. काय चुकलं ते कधी कळलं नाही. तू इतका जीव लावला होतास त्यात... राग धरू नकोस."

"असू दे, व्यंकटेश," मी म्हणालो. "होतं असं."

माफी मागायला गेलेला मी, त्यालाच माफ करून आलो.