बाबांच्या तीन टिचक्या

आधीच सांगते, मी शाळेत विज्ञान शिकवते. भुताच्या गोष्टी सांगणाऱ्या पोरांना "पुरावा आण" म्हणून गप्प बसवणारी बाई मी. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय... पण मनात ठेवून झोप लागत नाही.

माझे बाबा शास्त्रज्ञ होते. पिण्याचं पाणी तपासण्यात त्यांचा जन्म गेला. कुठलंही माप तीनदा घेतल्याशिवाय लिहायचं नाही, आणि दरवेळी आधी काचेवर नखानं तीन टिचक्या मारायच्या – टक्, टक्, टक् – म्हणजे आतले बुडबुडे वर येतात. मला ताप आला की थर्मामीटरसुद्धा तीनदा लागायचा, आणि दारामागे ग्राफपेपरवर माझ्या तापाचा आलेख! एकदा शाळेत येऊन त्यांनी आमची पाण्याची टाकी तपासली. तेव्हापासून मैत्रिणी त्यांना 'टाकीवाले काका' म्हणायच्या आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आज कोणी तसं म्हटलं तर मी रडेन.

रिटायर झाल्यावर आईचं इन्सुलिन तेच भरायचे. गेल्या वर्षी एका संध्याकाळी त्यांना अस्वस्थ वाटत होतं. मी मशीनवर बीपी घेतलं, ठीक आलं. ते म्हणाले, "परत मोज वं. मले बरोबर नाही वाटून राह्यलं." माझे पेपर तपासायचे पडले होते. मी म्हटलं, बाबा, मशीन आहे, ती चुकत नाही. सकाळी ते उठलेच नाहीत. त्यांनी परत मोजायला सांगितलं होतं, हे मी आईलाही अजून सांगितलेलं नाही.

आता मूळ गोष्ट. एप्रिलमधली सकाळ, साडेसात, नंदनवन वस्तीतलं आमचं घर. लाईट गेली होती, म्हणून कूलर बंद आणि घर शांत. इन्सुलिनची नवी बाटली आदल्या दिवशीच आणली होती. शाळेच्या घाईत मी नेहमीची सिरिंज नेहमीच्या खुणेपर्यंत भरली, आईच्या पोटाजवळ नेली, आणि मागून... टक्. टक्. टक्. काचेवर नख.

वळून पाहिलं. फळीवर बाबांचं मापाच्या खुणांचं काचेचं भांडं होतं. जवळपास कोणी नव्हतं.

आईला कानाच्या मशीनशिवाय हाकही ऐकू येत नाही, आणि मशीन टेबलावर पडली होती. तरी ती डोळे मिटूनच म्हणाली, "थांब ना वं. ते मोजून राह्यले."

मी बाटली उचलून वाचली. आमची नेहमीची एका मिलीलिटरला ४० युनिटची असते, ही १०० ची होती. म्हणजे त्याच खुणेला अडीचपट औषध. माझ्या हातून आई गेली असती.

नंतर विचारलं, तर आईला काही बोलल्याचंच आठवेना. मी स्वतःला समजावते, की लेबल मला नकळत दिसलं असेल, आवाज मनाचाच असेल. मग आईनं काय ऐकलं? आणि ज्या पोरीनं त्यांच्यासाठी एकदा परत मोजलं नाही, तिला सांगायला ते का यावेत?

बाबा म्हणाले असते, एकदा झालं ते धरायचं नाही, तीनदा होऊ दे. म्हणून रोज सकाळी सिरिंज भरली की मी क्षणभर थांबते. ती टकटक पुन्हा ऐकू यावी असं फार वाटतं... आणि लगेच वाटतं, नकोच. कारण ती ऐकू आली, म्हणजे माझं माप परत चुकलंय.