राखेने घासलेली काच

दिसेल त्या काचेवर तो बोटाने टकटक करायचा. हॉटेलातली बरणी असो की साहेबाच्या केबिनचं तावदान, निकाल ठरलेला, "ही फुटनार." चहावाला एकदा वैतागून म्हणाला, "तू हात लावलास तर फुटेलच." हा खो खो हसला आणि अर्धा चहा टाकून बाहेर रस्त्यावर गेलासुद्धा. एका जागी थांबणं त्याला कधी जमलंच नाही.

साठच्या दशकात ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका प्लॅस्टिकच्या कारखान्यात आम्ही दोघं फिटर होतो. तो खाडीकाठचा आगरी. घरासमोर ताडपत्रीखाली त्याची जुनी, दोघांपुरती स्पोर्ट्स कार असायची. मायदेशी निघालेल्या कुणा साहेबाने भंगाराच्या भावात दिलेली. तुम्ही पाहिली असती तर त्याला वेड्यात काढलं असतं. आम्हीही काढलं.

एकदा ट्रकच्या चाकाखालचा दगड उडून समोरच्या काचेवर बसला. चुरा तोंडावर आला. डोळा थोडक्यात वाचला, भुवईला टाके पडले. बायकोने गाडीची किल्ली पदराला बांधली. "न फुटनारी काच बसवा, मंग किल्ली. आनि बिनकाचेची चालवाची नाय. शब्द द्या." त्याने दिला.

मग त्याला चैन पडेना. कारखान्यातला काचेसारखा आरपार दिसणारा प्लॅस्टिकचा जाड पत्रा त्याने साहेबाकडून मागून घेतला, भट्टीत मऊ केला, जुन्या चौकटीवर वाकवला. बरेच तुकडे वाया गेले, शेवटी एक बसला. काचेच्या मानाने वजन काहीच नाही. त्याने बायकोच्या हातात हातोडा दिला. "मार." तिने डोळे मिटून मारला. पत्रा नुसता दणाणला. मग तिने पदराची गाठ सोडली.

मुंबईला विमानांच्या एका जुन्या धावपट्टीवर रविवारी मोटारींच्या शर्यती व्हायच्या. वर्षानुवर्षं त्या कुंपणाबाहेरून बघणाऱ्या या माणसाने त्या वर्षी स्वतःचं नाव दिलं. आठवडाभर तो कुणाचं धड ऐकत नव्हता.

त्या सकाळी मी त्याच्याकडे पोचलो, तर वहिनी गाडीपाशी. कंदिलाची काच राखेने घासायचा रोजचा हात. नवी काचही त्यांनी कौतुकाने तशीच घासून धुतली होती. प्लॅस्टिकभर बारीक ओरखडे, नुसतं धुकं. "वालली का लख्ख दिसंल," त्या म्हणाल्या. मी तोंड उघडणार, तोच त्याने माझा दंड दाबला. "झ्याक घासलीस," तो म्हणाला.

मान बाहेर काढून त्याने गाडी कशीबशी मुंबईला नेली. धावपट्टीवर ऊन समोरून आलं आणि काच पांढरीफटक झाली.

"स्क्रू काढ, काच बाजूला ठेव आणि पळव," मी म्हणालो.

"शब्द दिलाय तिला."

"तिला कोण सांगतंय?"

"मला म्हाईत हाय ना."

नाव पुकारलं गेलं. तो हलला नाही. गाड्या ओरडत सुटल्या, तो बोटाने काचेवर टकटक करत राहिला. मला त्याचा राग आला.

घरी वहिनींनी विचारलं, "कितवा नंबर?"

"इंजिन तापलं. पन काच बगाला लोक जमलं व्हतं. इचारत व्हतं, कुनी घासली?"

वहिनी लाजल्या.

पुढे त्याने कधी नाव दिलं नाही. नवा पत्रा बसवणं त्याला अवघड नव्हतं, पण मग जुना का काढला, ते सांगावं लागलं असतं.

तो गेल्यानंतर वर्षभराने मी त्या घरी गेलो. ताडपत्री बाजूला होती आणि वहिनी राखेने काच घासत होत्या. "त्यांना लख्ख आवडाची," त्या म्हणाल्या. काचेतून आता काहीच दिसत नव्हतं. "झ्याक घासलीत," मी म्हणालो, बादली उचलली आणि वरून पाणी ओतत राहिलो.