बोगद्यात गप्प बसणारी माणसं

माझं शिक्षण चौथीपर्यंत. त्यातही चौथीचं अर्धंच वर्ष, पण ते मी कुणाला सांगत बसत नाही. सांगोल्याकडून सोलापूरला आलो तो थेट भवानी पेठेत, चादरीच्या कारखान्यात, मागावर. चाळीस वर्षं मागावर काढली. माझ्या हातची चादर उलटी धरली तरी सुलटी वाटायची, हे मी सांगतो म्हणून नाही, मालकसुद्धा सांगायचा.

श्रावणात पंचमीला मुलगी पुण्याहून माहेरी आली. आल्या आल्या तिनं टीव्हीचा आवाज कमी केला आणि माझ्यासमोर येऊन बसली.

"आप्पा, तुमचे कान गेलेत. पुण्याला चला, मशीन बसवून घेऊ."

"हे तू आत्ता जे बोललीस, ते ऐकलं का न्हाय मी?"

"समोर बसलेय म्हणून."

"मग पाठीमागं बसून बोलायची पद्धत कुटं हाय?"

बायको भाकरी थापता थापता म्हणाली, "फोनवर बोलायला सांग की त्यास्नी. फोन वाजला की माझ्या हातात देत्यात."

फोनवर बोलणं हे रिकाम्या माणसांचं काम, असं माझं मत होतं, ते मी सांगून टाकलं.

पोरगी माझ्यावरच गेलीय, हटत नाही. खंडाळ्याचा घाट बघायची तिच्या आईची लई दिवसांची इच्छा होती. पुण्याहून मुंबईकडं जाणाऱ्या एका गाडीला काचेच्या छपराचा डबा जोडतात, त्याची तीन तिकिटं तिनं आधीच काढली होती. ती म्हणाली, "घाट उतरून होईपर्यंत गाडीतलं सगळं तुम्हाला ऐकू आलं, तर मशीनचं नाव जन्मात काढणार नाही. नाही आलं, तर दुसऱ्या दिवशी गुपचूप डॉक्टरकडं यायचं."

"दिला शब्द," मी म्हणालो. जिंकलेलीच पैज ती. कानात मशीन घालून शुक्रवार पेठेतनं फिरणारे म्हातारे मी बघितलेत. लोक त्यांच्याशी लहान पोराशी बोलावं तसं बोलतात. आपल्याला ते जमायचं नाही.

पुण्याला गेलो, मुलीकडं मुक्काम केला आणि सकाळी त्या डब्यात बसलो. डबा कसला, काचेचं कपाटच. डोक्यावर काच, बाजूला काच आणि खुर्च्या पाहिजे तिकडं फिरणाऱ्या. बायको बसली आणि खुर्ची गर्रकन फिरली तशी ती माझा दंड धरून म्हणाली, "अवो, ही हलतीया." मी म्हणालो, "हलायलाच केलीय ती." मुलीनं आपली खुर्ची वळवून तोंड आमच्याकडं केलं. परीक्षा घ्यायची होती ना.

लोणावळा गेलं आणि गाडी घाटात शिरली. एकदम उजव्या हाताची जमीनच संपली. खाली दरी, इतकी खोल की तळ ढगांनी झाकलेला. पलीकडच्या कड्यावरनं पाण्याच्या धारा अशा सोडलेल्या, जसा मागावर पांढऱ्या सुताचा ताणा लावावा. आणि हिरवा रंग तरी किती तऱ्हेचा. आमच्या चादरीला दोन हिरवे असायचे, एक पोपटी आणि एक बाटलीचा. तिथं मी मोजायला लागलो आणि सहाव्या-सातव्याला सोडून दिलं. सांगोल्यात आम्ही टँकरच्या मागं घागरी घेऊन पळालेली माणसं. इथं डोंगर नुसता ओतत होता, आणि खाली घागर लावायला कुणी नव्हतं.

मुलीचं मात्र लक्ष दरीकडं नव्हतं. गाडीचा खडखडाट वाढला की ती मुद्दाम हळू बोलायची.

"आप्पा, काल आईनं भाजी कसली केली होती?"

"दोडक्याची. आणि मीठ जास्त झालंतं."

"माझ्या सासूबाईंचं काय दुखतंय?"

"गुडघा. डावा."

एकही चुकलो नाही. वर मीच तिला म्हणालो, "त्या चौथ्या रांगेत नवं जोडपं बसलंय बघ. ती पोरगी म्हणतीया, तुमच्या आईला सोबत आणलं असतं तर मी आलेच नसते. आणि तो म्हणतोय, हळू बोल."

मुलीनं वळून बघितलं. "आप्पा, मला इथनं काही ऐकू येत नाही. तुम्हाला कसं आलं?"

"कान हायत म्हणून."

तिचा चेहरा पडला. मागावर काम केलेल्या माणसाला हे सोपंच असतं. कारखान्यात सगळे माग सुरू झाले की शेजारच्यानं कानाशी बोंब मारली तरी उपयोग नसायचा. तरी आम्ही दिवसभर बोलायचो. सुताचा धोटा इकडनं तिकडं पळतोय, हात चालूयत आणि चार माग पलीकडच्याशी गप्पा. शेजारचा तेलुगू बोलायचा, त्याचंही मला कळायचं. नव्या माणसाला वाटायचं हे बहिरे नुसते तोंड हलवतायत. महिन्याभरात तोही बोलायला लागायचा.

तर मी पैज जिंकत आलो होतो. मध्ये मध्ये बोगदे येत होते. बाहेरचं नीट दिसावं म्हणून डब्यात दिवे लावले नव्हते, त्यामुळं बोगदा आला की मिट्ट काळोख. मग परत उजेड, परत दरी. असे पाच-सहा बोगदे झाले असतील. मला एक गोष्ट फार आवडली, ती मी बोलून दाखवली.

"माणसं कशी शहाणी हायत बघा. बोगदा आला की लहानथोर सगळी चिडीचूप बसत्यात. देवळात बसावं तशी."

मुलगी माझ्याकडं बघतच राहिली. बायकोही.

"आप्पा," मुलगी म्हणाली, "मागची पोरं प्रत्येक बोगद्यात किंचाळतायत. सगळा डबा ओरडतोय. मी कानांवर हात ठेवले होते."

मी मागं बघितलं. सात-आठ पोरं होती, तोंडं लाल झालेली. तेवढ्यात पुढचा बोगदा आला. मी सगळा जीव कानात आणला. चाकांची घरघर तेवढी आली, तीही पायातनं. बाकी काही नाही. उजेड आला तेव्हा पोरांची तोंडं अजून उघडीच होती.

मला आजवर खरंच वाटायचं की मी ऐकतो. समोरचा बोलला, मला कळलं, म्हणजे ऐकलंच की. कानानं ऐकतोस का समोरच्याच्या ओठांवरनं, असं कुणी कधी विचारलं नव्हतं.

मुलगी जिंकली होती, पण हसली नाही. बोलली ती बायको.

"पहिल्या बोगद्यात मी म्हणाले, हात धरा, मला भ्या वाटतंय. तुमी धरला न्हाय."

"मला न्हाय कळलं."

ती मग म्हणाली, "घरी दिवा मालवल्यावर मी बोलायची, आणि तुमी उत्तर द्यायचा न्हाय. किती वर्सं झाली. मला वाटायचं, ह्यास्नी आता आपल्याशी बोलायचंच न्हाय."

"मला वाटायचं तुला पडल्या पडल्या झोप लागती."

बाहेर एवढी मोठी दरी पसरली होती, पण आम्ही दोघांनी तिकडं बघितलं नाही. काय काय बोलायचीस, म्हणून मी विचारलं. ती म्हणाली, "आता काय आठवणार? असंच आपलं, दिवसभरातलं." पुढचा बोगदा दिसला तसा मी तिचा हात आधीच धरला. उतारावरचे उरलेले सगळे बोगदे तसेच गेले.

कल्याणला उतरल्यावर मीच मुलीला विचारलं, "तुझा डॉक्टर किती वाजता बसतो?" शब्द दिला होता, तो मोडायचा प्रश्नच नव्हता. पण मशीन कुठलं ते मी ठरवणार, हेही तिथंच सांगितलं.

आता मशीन आहे. डॉक्टर म्हणाला होता, दिवसभर घाला आणि झोपताना काढून डबीत ठेवा. मी उलटं करतो. दिवसा उजेड असतो, माझं चालतं, डबी खिशात असते. दिवा मालवला की मशीन घालतो. मुलीनं फोनवर तक्रार केली, तर मशीन घालून तिला मी फोनवरच उत्तर दिलं.

बायको शेजारणीचं सांगते, दुधाचं सांगते, पाणी किती वाजता आलं ते सांगते. मी प्रत्येक गोष्टीवर माझं मत देतो. परवा ती म्हणाली, "अवो, उत्तर देता ते बरं हाय. पण आता मला झोपू द्या की."