विओरिकानं सोंग मागितलं तेव्हा

विओरिकानं सोंग मागितलं आणि बारमधला पत्त्यांचा डाव जागच्या जागी थांबला.

सेवेरीनोनं हातातली पानं उलटी टाकली. गावच्या संताच्या, सान ब्लासच्या सणाला सोंगाच्या अंगावर चिलखत चढवायचा मान त्याच्या घराण्याकडं. "काय मागितलंस?"

"सोंग. औंदा मी घेणार. नवस हाय माझा."

"कसला नवस?"

"ते सान ब्लासला ठावं. तुला कशाला पायजे?"

"आगं, पण तू..."

"मी काय? बाई, का परकी? एक काय ते बोल, दोन्ही एकदम नको."

बाईनं सोंग घेऊ नये असा काही नियम नव्हता. कुणी घेईल असं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं, मग नियम करणार कोण? आणि या साली सोंगाला माणूसही नव्हता. ज्याची पाळी होती तो गडी कामासाठी जर्मनीला निघून गेला होता.

स्पेनमधल्या या वाल्देसेरेसोत सोंग घेणं म्हणजे गावाचा मार खाणं. अंगात चिलखत, वर रंगीत चिंध्यांचा झगा, तोंडावर शिंगांचा मुखवटा घालून ढोल बडवत चर्चपर्यंत जायचं, आणि दोन्ही अंगांनी उभ्या गावानं पोती भरून आणलेले सलगमांचे कंद फेकून झोडपायचं. चर्चच्या दारात गुडघे टेकले की मार थांबतो. ज्याला जास्त मार बसला तो पुढं वर्षभर बारमध्ये बसून काळेनिळे वळ कौतुकानं दाखवणार.

विओरिका रोमानियाहून एका उन्हाळ्यापुरती चेरी तोडायला आली होती. पण एकामागून एक उन्हाळे सरत गेले आणि ती इथंच राहिली. चेरी संपली की ती गावातल्या म्हाताऱ्यांची उस्तवार करायची. त्यांना न्हाऊ घालायची, भरवायची, शेवटी पांढऱ्या चादरीत नीट निजवायचीही. ओबदुलियाच्या नवऱ्याला तिनंच न्हाऊ घातलं होतं. त्याच्या खांद्यावर जुन्या सोंगातल्या माराचा एक खळगा होता. तो तिचा हात धरून खळग्यावर ठेवायचा आणि म्हणायचा, "बघ, गावानं सही केलीय." तरीपण कुणी आजारी पडलं की हाक यायची ती अशीच, "त्या रोमानियावालीला बोलवा." नाव कुणाच्या तोंडी बसलंच नव्हतं.

ओबदुलिया तिची शेजारीण. दोघींच्या मधे एक भिंत, आणि त्या भिंतीवरून कोंबड्यांचं रोजचं भांडण. विओरिका सोंग घेणार ही बातमी ऐकून म्हातारी पाणवठ्यावर एवढंच म्हणाली, "माझ्या धन्यानं घातलेलं चिलखत. बघू किती पेलतंय."

सणाच्या सकाळी सेवेरीनोनं चिलखताचे पट्टे आवळले. "दम कोंडला तर हात वर कर. लगेच थांबवतो."

"थांबवलंस तर आधी तुलाच झोडपीन."

घंटा झाली, ढोल वाजला, ती बाहेर पडली. पहिलं सलगम तिच्या पायाशी येऊन लोळलं. दुसरं दंडाला लागलं, तेही दारातल्या कुत्र्याला भाकरी टाकावी तसं अलगद.

"हळू रे, बाई हाय!"

"कुठं लागलं-बिगलं तर? तिच्या मागं हाय कोण बघायला?"

मुखवट्याच्या आत तिला सगळं ऐकू येत होतं. शिव्या दिल्या असत्या तर तिनं परत दिल्या असत्या, पण ही माया तिला डागणीसारखी लागली. अशीच गोंजारून घेत चर्चपर्यंत पोचलो तर संपलं. मग मरेपर्यंत रोमानियावालीच. तिनं ढोल आणखी जोरात बडवला. पुढची पोरं हसली आणि दोन पावलं मागं सरली.

ओबदुलियाच्या दारापाशी ती थांबली. सोंग कधी थांबत नाही. ती थांबली, ढोल मांडीवर घेतला आणि सरळ म्हातारीच्या पायरीवर फतकल मारून बसली.

सेवेरीनो धावत आला. "ऊठ! येडी का काय! सोंग बसत नसतं!"

सोंग बोलतही नसतं. पण ती बोलली, मुखवट्यातून घुमणाऱ्या आवाजात, सगळ्या चौकाला ऐकू जाईल असं. "पाहुणीगत वागवताय न्हवं? मग बसते पाहुणीगत. ओबदुलिया, कॉफी आण. दूध जास्त घाल."

ओबदुलिया दारात खुर्ची टाकून बसली होती, बाजूला सलगमांची टोपली भरलेली तशीच. म्हातारी काठी टेकत उठली.

"पाहुणी? कुणाची गं पाहुणी? माझ्या कोंबड्यांवर दगड भिरकावताना पाहुणी न्हवतीस व्हय?"

"तवा तूबी खराटा घेऊन धावलीवतीस. आता काय हात मोडला?"

ओबदुलियानं टोपलीत हात घातला, चाचपून चाचपून सगळ्यांत थोराड सलगम काढलं आणि दोन हातांवरून असं हाणलं की मुखवट्याचं एक शिंग कलंडलं.

"ऊठ, विओरिका!" म्हातारी किंचाळली. "आमच्या गावचं सोंग उंबऱ्यावर बसत न्हाई!"

विओरिकाच्या कानात शिट्टी वाजत होती. ती उठली. पाठीत एक बसलं, कमरेत दुसरं, मग मोजायची सोयच उरली नाही. पोरं, बाया, पत्ते टाकून आलेले गडी, सगळे दात आवळून हाणत होते. चिलखताच्या फटीत एक नेमकं बसलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ढोल चालूच होता. मारानं ढकलत ढकलत तिला चर्चच्या दारापर्यंत नेलं.

सेवेरीनो घामाघूम होऊन तिच्या कानाशी ओरडला, "टेक गुडघे! झालं, बये, लई झालं!"

"पोती संपली?"

"दोन ऱ्हायलीत. पर तू..."

तिनं पुढचं ऐकलं नाही. चर्चकडं पाठ केली, पाय रोवले आणि चौकाकडं तोंड करून ढोलावर दोन्ही टिपऱ्या आपटल्या. एक क्षण सगळे बघतच राहिले.

"बघताय काय टकामका?" ओबदुलियानं काठी उगारली. "सोडा की पोत्यांची तोंडं!"