ब्रेककाका, त्यांचा कॉम्प्युटर आणि 'पा'

मोटार शिकवणाऱ्या शाळेत "ब्रेक, अहो ब्रेक" ओरडण्यात जन्म घालवलेल्या ब्रेककाकांकडे अर्धांगाच्या झटक्यानंतर एकच शब्द उरला: नाही. बाकीचे शब्द डोक्यात शाबूत होते, पण तोंडाशी आले की त्यांचं 'नाही' व्हायचं. चहा हवा असला तरी नाही. आज छान दिसतेस म्हणायचं असलं तरी नाही. काकूंनी मात्र त्यातले चढउतार पाठ केले. सपाट नाही म्हणजे नाही. वर चढणारा म्हणजे हो. आणि लांबलेला म्हणजे तुझं डोकं फिरलंय.

बोलायला शिकवणाऱ्या मॅडमनी एक डीव्हीडी दिली होती. तिच्यात नुसते मॅडमचे ओठ. ओठ बघायचे, आवाज ऐकायचा, तसं म्हणायचं. मग समोरच्याने काहीही बरळलेलं असो, मॅडम म्हणणार, "छान, अगदी छान." पण काकांच्या जुन्या, विंडोजऐवजी लिनक्सवर चालणाऱ्या कॉम्प्युटरवर आवाज पुढे पळे आणि चित्र रखडत मागून येई. 'पा' ऐकू येई तेव्हा मॅडम अजून 'आ' वासून बसलेल्या. शिकायचं कसं?

मुलाने फोनवरच निकाल लावला. "कसंय बाबा, ते धूड मोडीत काढू. संध्याकाळी नवीन घेऊन येतो. कसंय, सगळं आयतं असतं त्यात."

"नाही," काका म्हणाले. सपाट.

"आई, हो म्हणाले ना ते?"

झटक्यापासून पलंग कुठे ठेवायचा, शर्टाला बटणं की चेन, सगळं दुसरेच ठरवत होते. पण त्या डब्यात लिनक्स काकांनी स्वतः बसवलं होतं, रडतखडत, शिव्या घालत. तो डबा जाणार नव्हता.

उजवा हात लुळा, म्हणून कीबोर्डवर काकू बसल्या आणि शेजारी काका. जागा सवयीचीच होती. काकूंचं बोट भलत्या कीकडे वळलं, की टेबलाखाली काकांचा डावा पाय करकचून ब्रेक दाबायचा.

"चकती पुसू का?"

"नाही."

"मग पडद्याचा ड्रायव्हर? इथे नेटवर एकाने लिहिलंय."

"नाऽऽही."

"बरं, फिरलंय माझं डोकं." काकू खाली वाचत गेल्या. "आणि हे डीएमए काय? ड्राइव्हमधला माल थेट मेमरीत जायचा सोडून प्रोसेसरच्या हातातून जातो म्हणे. हमाली करून तो दमतो, चित्राला वेळच उरत नाही."

"नाही, नाही, नाही." तिन्ही जिना चढत गेलेले.

काकूंनी तिथली आज्ञा जशीच्या तशी उतरवली. कॉम्प्युटरने उत्तर दिलं, परवानगी नाही.

"घ्या. हाही तुमच्याच वळणावर गेलाय."

आता मुख्य पासवर्ड हवा होता. तो फक्त काकांना ठाऊक, आणि सांगायची सोय नाही. त्यांनी कीबोर्ड ओढून घेतला आणि काकूंकडे रोखून पाहिलं.

"अहो, इतका संसार झाला आणि माझ्यापासून लपवता?"

"नाही," काका म्हणाले, पण नजर हटली नाही. काकूंनी मुकाट्याने भिंतीकडे तोंड केलं.

डाव्या हाताचं एक बोट अक्षरं शोधत फिरलं. लिनक्सची खोड अशी, की पासवर्ड टाकताना पडद्यावर टिंबसुद्धा उमटत नाही. चुकला. परत टाकला, परत चुकला.

"मी काय म्हणते, आणू दे का त्याला नवीन?" काकूंनी भिंतीला विचारलं.

काकांनी अक्षरं आठवणं सोडून दिलं. लुळा हात उचलून कीबोर्डवर त्याच्या जुन्या जागी ठेवला. बोटं दाबू शकत नव्हती, पण कुठे जायचं ते त्यांना पाठ होतं. जिकडे ती किंचित फुरफुरली, तिथली की डाव्याने दाबली. या वेळी कॉम्प्युटर निमूटपणे कामाला लागला.

डीव्हीडी सुरू झाली. मॅडमचे ओठ मिटले, उघडले आणि त्याच क्षणी 'पा' आला.

"ना," काका म्हणाले.

"छान, अगदी छान."

काकांनी रागाने डीव्हीडी मागे घेतली. परत ओठ, परत 'ना'. परत मागे. मॅडमना छान म्हणायची संधीच मिळेना. असं किती वेळ चाललं कोण जाणे. मग ओठ आवळून काकांनी आतली हवा फोडली.

"पा."

काकू फोनकडे धावल्या, पण तोवर मुलगाच दारात उभा. हातात भलंमोठं खोकं. "कसंय बाबा..."

काकांनी मान वळवली नाही. पडद्यावरचे ओठ मिटले, त्यांचेही मिटले. "पा."

मुलाने हातातलं खोकं सावरलं. हळूच म्हणाला, "आई, हे ठेवू कुठे?"

"बाहेर," काकू म्हणाल्या. "आणि दार लाव. त्यांना ऐकू यायला हवं."