विहिरीच्या पाळीची फाईल

मी लिहिणारा माणूस नाही. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच, आणि शिकलोय तेही अर्धवट. तरी लिहायला बसलो, याबद्दल आधीच माफी मागतो.

भोकरदनकडच्या आमच्या गावात एका विहिरीवर चार घरांच्या पाणी घेण्याच्या पाळ्या आहेत. कुणाची पाळी कधी संपली यावरून भांडणं व्हायची. वेबसाइट बनवायची पीएचपी भाषा शिकत होतो तेव्हा मी त्यासाठी इंटरनेटवर एक पान बनवलं. प्रत्येक घराला वेगळी लिंक. पाळी संपली की ती उघडायची. जुनं न पुसता फाईलच्या शेवटी नाव आणि वेळ जोडली जायची. चुलत्यांना टाइप करता यायचं नाही, म्हणून मी बटणसुद्धा ठेवलं नाही. पान उघडलं की ओळ पडली. याचा मला फार अभिमान होता.

मागच्या वर्षी चुलते मंठ्याला पाहुण्यांकडे निघाले आणि पोचलेच नाहीत. फोन बंद. पोलिसात खबर दिली. चौथ्या दिवशी दुपारी कॉलेजात फाईल उघडली, तर शेवटी चुलत्यांचं नाव. वेळ दोन वाजून दहा मिनिटं. वडिलांना फोन केला. ते विहिरीवर पळाले. मोटार बंद होती, पाण्याचे दांड कोरडे होते, विहिरीजवळच्या ओल्या मातीवर पाऊल नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दोन ओळी आल्या. चुलती भाकरी घेऊन विहिरीवर जाऊ लागली.

"हायेत ते," मला म्हणाली. "फक्त समोर येऊन न्हाई राह्यले. तू बघत जा बाळा."

मग मी माझीच लिंक तपासली. ब्राउझर बंद करून पुन्हा उघडला. जुनं पान आपोआप लोड झालं आणि माझ्या नावाची ओळ पडली. म्हणजे चुलत्यांचा फोन कुणाच्याही हातात असू शकत होता. सिम काढलं तरी वायफायवर पान उघडतंच. वडिलांना सांगितलं. त्यांनी ते पोलिसांना कळवलं आणि मला म्हणाले, "तुझ्या काकूला मात्र बोलू नको. त्या ओळीवरच जेवून राह्यली ती."

ओळ आली का, असं ती रोज विचारायची, आणि म्हणून मी नुसतं हो म्हणायचो. पान बंद करणं माझ्या हातात होतं, पण केलं नाही. एकदा मी फाईल बघत असतानाच नवी ओळ पडली. पलीकडे कुणीतरी आत्ता तो फोन धरून आहे, हे कळत होतं. तरी मी हळूच म्हणालो, "काका?" लॅबमधल्या मुलांनी वळून पाहिलं.

चुलते निघाल्यानंतर अठरा दिवसांनी वडिलांचा फोन आला. एका बेवारस मृतदेहाची ओळख पटली होती. खिशात फोन नव्हता, म्हणून इतके दिवस लागले. चुलते घरातून निघाले त्याच दिवशी, दुपारच्या आत, वाटेतल्या एका बसस्टँडवर बसल्या जागी गेले होते.